स्लॅलम स्कीची लांबी ठरवताना वजन आणि वेग दोन्ही पाहा

संगम माहुलीच्या घाटावरून जोरात फेकलेला चपटा खडा कृष्णेच्या पाण्यावर टप्पे घेत जातो आणि वेग सरताच बुडतो. बोटीमागे दोरी धरून पाण्यावरून घसरत जाताना एकाच फळीवर दोन्ही पाय एकामागे एक ठेवून चालवायच्या स्लॅलम वॉटर स्कीचेही तसेच आहे. वेग कमी असेल तर तेच वजन तरंगत ठेवायला अधिक पृष्ठभाग लागतो, म्हणून स्कीची लांबी स्वतःची उंची पाहून ठरवू नये.

ताशी ५० ते ५५ किलोमीटर वेगासाठी साधारणतः ६० ते ६५ किलो वजनाला ६५ इंची, तर ७५ ते ८० किलोला ६७ इंची स्की योग्य ठरते. मात्र रुंदीनुसार हे बदलत असल्याने त्या मॉडेलचा तक्ता पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तक्त्यात स्पर्धेतला ताशी ५८ किलोमीटरचा कमाल वेग नव्हे, तर आपली बोट प्रत्यक्ष धावते तोच वेग धरावा. नवशिक्याने ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास शिकताना एक माप मोठी किंवा रुंद स्की घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्की लहान पडली की उठताना पाण्याचा लोट छातीवर येतो, वळणाच्या शेवटी मागचा पाय खचतो आणि दोरीच्या ओढीने हात भरून येतात. फार मोठी स्की वेगात उसळते आणि कडेवर कलता कलत नाही. दोन मापांत अडल्यास मोठे निवडावे.