फुटत्या लाटेत उभयचर गाडीचं मॉडेल तपासताना

माझं पहिलं मॉडेल कुठल्याच लाटेत उलटत नव्हतं. दोन दिवस आम्ही खूश. मग सरांनी विचारलं, "गुरुत्वमध्य मोजलास का?" शिशाचे सगळे छर्रे मी तळाशी भरले होते. काट्यावर वजन बरोबर, पण खऱ्या गाडीचं छप्पर आणि बुरूजही जड असतात. दोन दिवसांची मोजमापं फेकून द्यावी लागली.

म्हणून आधी वजन. समजा गाडी ८ मीटर लांब, २६ टनांची आहे. १:२० मॉडेल, म्हणजे वीसपट लहान, ४० सेंमीचं होतं, पण वजन ८००० पट (२०×२०×२०) घटून ३.२५ किलो. त्यातही लाटा तयार करायच्या चाचणी-टाकीतलं पाणी गोडं असतं आणि समुद्राचं अडीच टक्के जड, म्हणून ३.१७ किलोच भरा. आता छोटं वजन आडवं सरकवून मॉडेल किती कलतं ते मोजा, त्यावरून गुरुत्वमध्याची उंची काढा. मग दोन समांतर दोऱ्यांवर टांगा, थोडं पिळून सोडा. झोक्याच्या वेळेवरून वजन किती पसरलंय ते कळतं. यात अख्खी दुपार जाते. जाऊ द्या.

३ मीटरची, १० सेकंदांची लाट टाकीत १५ सेंमीची होते. वेळ वर्गमुळाने घटते, म्हणून २.२४ सेकंद. तिचा स्वभाव तळाचा उतार ठरवतो. १:३० उतारावर (३० मीटरला १ मीटर चढ) ती फेस सांडत येते, १:१० वर माथा पुढे वाकून कोसळतो. ही दुसरी तपासायचीच. खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट उरली की लाट फुटते हा पहिला अंदाज. तीव्र उतारावर ती आणखी आत येऊन फुटते. नेमकी जागा पाहून काचेवर खूण करा.

मॉडेल खुणेच्या अलीकडे, खुणेवर आणि फेसात सोडा. शिवाय गाडीच्या चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांचं पुढचं टोक तळाला टेकलंय आणि मागची बाजू अजून तरंगतेय, तिथेही सोडा. ही जागा बरेच जण विसरतात. मागून आलेली लाट इथेच शेपूट उचलते आणि गाडी आडवी फिरवते. सरळ सोडून झालं की २० अंश तिरकं सोडा. प्रत्येक जागी निदान दहा वेळा, कारण दोन लाटा सारख्या फुटत नाहीत. दर वेळी पाणी पूर्ण शांत होऊ द्या.

शेवटी आत ३०० ग्रॅम पाणी मोकळं ठेवून सगळं पुन्हा करा; छर्रे तेवढेच राहू द्या, कारण आत शिरलेलं पाणी जास्तीचंच असतं. ६ जून १९४४ ला, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्सच्या ओमाहा किनाऱ्यासमोर अमेरिकेच्या ७४१व्या रणगाडा बटालियनचे २९ तरंगते रणगाडे खवळलेल्या समुद्रात उतरवले, त्यातले २७ बुडाले. आत माणसं होती. कोरडं मॉडेल तरलं म्हणून अहवाल लिहायला बसू नका.