ॲप नंबर पडताळतच नाही? आधी सिम बघा

सोयाबीनचे पैसे जमा झाले का बघायला बँकेचं ॲप उघडावं, तर ते गोल गोल फिरून म्हणतं, ‘मोबाइल नंबर पडताळता आला नाही.’ परभणी-हिंगोलीकडं आपण लगेच रेंजला शिव्या घालतो. बरेचदा ती बिचारी निर्दोष असते. नोंदणीवेळी ॲप तुमच्या फोनमधून एक एसएमएस पाठवतं. तो बँकेत दिलेल्या नंबरावरूनच जावा लागतो. दोन सिम असतील तर सेटिंगमध्ये एसएमएससाठी तेच सिम निवडा, एसएमएसपुरता बॅलन्स आहे ना बघा.

नुसती शिल्लकच बघायची तर ॲप कशाला? त्याच सिमवरून *९९# डायल करा, इंटरनेट लागत नाही. यूपीआय पिन मात्र आधीच तयार केलेला हवा.