पोपट हातावर येत नाही? आधी हाताच्या या चुका टाळा

आमचा चिकू घरी आला तेव्हा पाच महिन्यांचा होता. राखाडी कॉकाटिएल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा परदेशी पोपट, गालांवर केशरी टिकल्या. चौथ्या दिवशी मी त्याच्यासमोर बोट धरलं. तो थोडा पुढे वाकला, एक पाय उचलला आणि चोच उघडून बोटाकडे आणली. मी घाबरून झटकन हात मागे घेतला. आधार गेला तसा तो पुढे कलंडला आणि फडफडत पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन पडला. पुढचे तीन आठवडे माझा हात दिसला की त्याचा तुरा ताठ उभा राहायचा.

तो चावायला आलाच नव्हता. नव्या फांदीवर भार टाकण्याआधी पोपट ती चोचीने चाचपून बघतो. चढताना तर चोच हा त्याचा तिसरा पायच असतो. 2022 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लव्हबर्ड या छोट्या पोपटांना उभ्या पृष्ठभागावर चढायला लावून मोजमाप घेतलं, तेव्हा चोचीचा जोर पायांच्या तोडीचा निघाला. अशा वेळी आपण हात काढून घेतला की पक्षी दोन गोष्टी शिकतो. ही फांदी भरवशाची नाही, ही एक. आणि चोच पुढे केली की हात निघून जातो, ही दुसरी. दुसरी जास्त महागात पडते, कारण पुढे हात नकोसा झाला की तो हेच हत्यार वापरतो. ‘आमचा पोपट फार चावरा आहे’ असं सांगणाऱ्या बऱ्याच घरांत मी खोदून विचारते, आणि सुरुवात इथूनच झालेली असते.

चाचपणं आणि चावा यांतला फरक ओळखायला शिका. चाचपताना चोच सावकाश येते, जीभ बोटाला लागते, अंग पुढे झुकलेलं असतं, एखादा पाय उचललेला असतो. चावणार असेल तर मान ताठ होते, कॉकाटिएलचा तुरा डोक्याला चिकटतो, तोंडातून फुस्स असा आवाज येतो. कॉन्युअर किंवा आफ्रिकन ग्रे या परदेशी पोपटांच्या डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहानमोठ्या होतात. ही लक्षणं दिसली तर चावा बसायच्या आधीच हात सावकाश दूर न्या. त्याने तोंडावर नाही म्हटलंय, ते तिथेच ऐकायचं.

स्वतःचीच भीती जात नसेल तर बोटाने सुरुवात करू नका. मी पेरूच्या फांदीचा वीतभर तुकडा घेतला. फांदी हलत नाही, घाबरत नाही, चोच लागली तरी जागची सुटत नाही. चिकू फांदीवर निवांत चढायला लागला, मग मी रोज ती थोडी आखूड धरत गेले. शेवटी त्याचा एक पाय फांदीवर आणि एक माझ्या बोटावर पडला. मी श्वास रोखून उभी. त्याने बोट चाचपलं, दुसरा पाय आणला आणि पिसं झटकली. पोपट ताण गेल्यावर असं अंग झटकतो. तो क्षण मी अजून विसरलेले नाही.

हात कुठे आणि कसा धरता?

वरून हात आणणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. वरून झडप घालतो तो शिकरा; पोपटाच्या अंगात ती भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. मागूनही हात आणू नका. हात समोरून, त्याला दिसेल असा, छातीच्या पातळीवरून आला पाहिजे. तो बसलाय त्या दांडीपेक्षा बोटभर उंच, पोटाच्या खालच्या बाजूला आणि अगदी जवळ. पोपटाला वर चढणं सोपं जातं, खाली उतरणं अवघड. हात दांडीच्या खाली धरला की त्याला चोच टेकवून उतरावं लागतं, आणि चोच आली की आपण पुन्हा घाबरतो. पोटाला हात लावून ढकला म्हणजे तो आपोआप चढतो, असंही सांगितलं जातं. चढतो खरा, पण तोल जाऊ नये म्हणून चढतो, आणि असा चढलेला पक्षी दुसऱ्या दिवशी हात बघून दांडीच्या टोकाला सरकतो.

बजरीगर किंवा कॉकाटिएलला एक बोट पुरतं. (आपल्याकडे बजरीगरलाच सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात, ते दोन वेगळे पक्षी आहेत.) आफ्रिकन ग्रेएवढ्या पक्ष्याला मात्र मनगट आणि बाहू लागतो. कोपर अंगाला टेकवा, म्हणजे हात थरथरत नाही. आणि मनगट कोपरापेक्षा किंचित वर ठेवा. कोपर वर राहिलं तर तो चढ बघून थेट खांद्यावर जातो. खांद्यावरून उतरायला त्याला शिकवलेलं नसताना तिथे बसू दिलं, तर कान आणि डोळे त्याच्या चोचीच्या टप्प्यात येतात.

बाही आणि दागिन्यांकडेही लक्ष द्या. मे महिन्यात घामेजलेल्या उघड्या हातावर पंजे घसरतात, मग तो नखं रोवतो, आपण ‘आई गं’ करून हात झटकतो आणि सगळं मुसळ केरात. जुना सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. एका घरी पक्षी मुलांकडे जायचा, आजींकडे अजिबात नाही. आजींच्या हातात डझनभर काचेच्या बांगड्या होत्या. त्या किणकिणल्या की तो मागे सरायचा. आजींनी सरावापुरत्या बांगड्या वर सरकवून त्यावर रुमाल बांधला, आणि आठवडाभरात तो त्यांच्याकडेही जाऊ लागला.

पिंजऱ्यात हात घालून ओढून काढू नका

पिंजरा हे त्याचं घर. तिथे शिरलेल्या हाताला एरवी शांत असलेला पक्षीही चावतो. दार उघडा, त्याला स्वतःहून दारापाशी किंवा पिंजऱ्याच्या माथ्यावर येऊ द्या, सराव तिथे करा. त्याआधी छताचा पंखा बंद करा. खिडक्या लावा, पंखा थांबला की नाही हे डोळ्यांनी बघा, मगच दार उघडा. फिरत्या पंख्याने कित्येक पाळीव पक्षी गेले आहेत, त्यामुळे या बाबतीत मी घरात कुणाचंच ऐकत नाही. गॅसवर कुकर असेल तर तोही उतरू द्या. पहिल्या शिट्टीला पक्षी उडाला तर ती शिट्टी आणि तुमचा हात यांची त्याच्या डोक्यात गाठ पडते.

बक्षिसाच्या बाबतीत लोक वाटी भरलेली ठेवतात आणि वर दाणा दाखवतात. वाटीत सूर्यफुलाच्या बिया खच्चून असतील तर तुमच्या बोटांतल्या एका बीसाठी तो का येईल? उपाशी ठेवायचं नाही. सकाळचं खाणं देण्याच्या जरा आधी पाचेक मिनिटं सराव करा आणि आवडीची गोष्ट फक्त तेव्हाच द्या. लहान पक्ष्यांसाठी राळ्याच्या कणसाइतकं आवडतं दुसरं काही मला माहीत नाही. दाणा नेमक्या क्षणी मिळाला पाहिजे: आधी नुसता हाताजवळ थांबला म्हणून, मग पाय उचलला म्हणून, मग एक पाय टेकवला म्हणून. दोन्ही पाय यायची वाट बघत बसलात तर मधल्या धाडसाचं त्याला काहीच मिळत नाही.

घरात शब्दही एकच असू द्या. आई ‘ये’ म्हणते, बाबा ‘अप’, मुलगी ‘चल बाळा’, अशाने गोंधळ होतो.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी चूक. पक्षी कष्टाने हातावर येतो आणि आपण त्याला लगेच पिंजऱ्यात ठेवतो. ओळखीच्या एका घरात सन कॉन्युअर सगळ्यांच्या हातावर यायचा, फक्त धाकट्या मुलाला टाळायचा. मुलगा बिचारा रडकुंडीला आलेला. त्याचा जीव त्या पाखरावर सगळ्यांहून जास्त. विचारल्यावर कळलं, शाळेत जायच्या आधी पक्ष्याला पिंजऱ्यात ठेवायचं काम त्याचं होतं. त्या पक्ष्याच्या हिशेबात मुलाचा हात म्हणजे खेळ संपला. आम्ही काम मोठ्यांमध्ये वाटून दिलं. मुलाने दोन आठवडे फक्त हातावर घ्यायचं, एक बी द्यायची आणि परत स्टँडवर सोडायचं. दहातल्या आठ वेळा हातावर आल्यावर काहीतरी चांगलंच घडलं पाहिजे, हे प्रमाण मी तेव्हापासून धरून आहे. पिंजऱ्यात ठेवायची वेळ येईल तेव्हाही आत एखादा आवडता तुकडा आधीच ठेवलेला असावा.

चावलाच तर?

ओरडू नका, तोंडावर फुंकर मारू नका, चोचीवर टिचकी मारू नका, हात हलवून त्याला पाडूही नका. टिचकी मारली की हात शत्रूचाच ठरतो. शांतपणे त्याला जवळच्या दांडीवर ठेवा, सराव तिथेच थांबवा आणि चाव्याच्या आधी काय घडलं ते आठवा. जाड हातमोजे घालून सराव करणाऱ्यांनाही मी थांबवते. एक तर पक्षी मोज्यालाच घाबरतो. शिवाय चावा जाणवत नाही म्हणून आपण त्याचं ‘नको’ ऐकणंच सोडून देतो.

विक्रेते बऱ्याचदा पंख कापूनच पक्षी देतात, ‘लवकर माणसाळतो’ म्हणून. उडून दूर जाता येत नाही, मग नाही म्हणायला त्याच्याकडे चोचच उरते. शिवाय तो दगडासारखा खाली पडतो आणि छातीच्या हाडाला मार बसतो. पंख पुढच्या पिसं झडण्याच्या वेळी परत येतात, तोवर जमिनीलगत, सतरंजीवर सराव करा.

चांगला हातावर येणारा पक्षी अचानक पिंजरा राखायला लागला, तर आत मडकं आहे का बघा. बजरीगर, लव्हबर्ड आणि कॉकाटिएल मडक्याला घरटं समजतात आणि कुणालाही जवळ येऊ देत नाहीत. मडकं काढा आणि रात्री दहा-बारा तास शांत अंधार मिळू द्या.

हे सगळं फक्त परदेशी पोपटांबद्दल आहे. आपला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तो घरात असेल तर परस्पर सोडूनही देऊ नका, बाहेर तो तगत नाही; वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. कॉन्युअर, आफ्रिकन ग्रे असे पक्षी 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. बजरीगर आणि कॉकाटिएलला ही नोंदणी लागत नाही.

आणि मडकं नाही, कुणी घाबरवलेलं नाही, तरीही पक्षी पाय उचलायला तयार नसेल, तर त्याचे तळवे उजेडात बघा. सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या आणि गुळगुळीत प्लास्टिकच्या असतील तर तळव्याच्या त्याच जागेवर सतत भार येतो. कातडी लाल, चकचकीत होते, पुढे फोड येऊन सुजते. अशा पायाने हातावर चढणं त्याला दुखतं. दांड्या काढून पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या धुऊन लावा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा काढून रोज सकाळी वजन लिहून ठेवा. चिकू 92 ग्रॅमच्या आसपास असतो. चार-पाच ग्रॅमचा फरक मी लक्षात ठेवते. सलग उतरत गेलं, किंवा पक्षी पिसं फुलवून बसून राहिला आणि श्वासागणिक शेपूट वरखाली हलवायला लागला, तर सराव बाजूला ठेवून त्याच दिवशी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या.