‘माकी’ म्हणजे नेमकं काय? या चुका टाळा

मेन्यूवर ‘माकी’ दिसलं की बरेचजण त्याचा अर्थ ‘सुशी’ असा लावतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. जपानीत ‘माकु’ म्हणजे गुंडाळणं आणि ‘माकी’ म्हणजे गुंडाळी. आपल्या सुरळीच्या वडीला नाव मिळालं ते आकारावरून, बेसनावरून नाही, तसंच हे. म्हणून डोक्याला बांधायची पट्टी ‘हाचिमाकी’, पोटाला गुंडाळायचा पट्टा ‘हारामाकी’ आणि तळलेला स्प्रिंग रोल ‘हारुमाकी’. यांतल्या एकातही सुशी नाही. सुशी ठरते ती व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेल्या भातामुळे.

भाताच्या गुंडाळीचं पूर्ण नाव ‘माकीझुशी’. ‘माकीसुशी’ म्हणू नका; जोडशब्दात ‘सु’चा ‘झु’ होतो आणि तो ‘झुळूक’मधल्यासारखा उच्चारायचा.

निगिरीला माकी म्हणणं ही उलट बाजूची चूक. भाताचा गोळा हाताने दाबून त्यावर माशाचा तुकडा ठेवला, तर गुंडाळलं काय? मात्र गुंकानमाकी पाहून गडबडू नका. तिथे भाताच्या गोळ्याभोवती नोरीची, म्हणजे समुद्रशेवाळाच्या पापडीची, उभी पट्टी गुंडाळतात आणि वर माशाची अंडी वगैरे भरतात. दिसायला युद्धनौका, म्हणून ‘गुंकान’. टोकियोच्या गिन्झा भागात १९४१ साली हा प्रकार पहिल्यांदा झाला, असं मानतात.

नावाचा सुरुवातीचा भाग वाचायला शिकलात की अर्धं काम होतं. होसोमाकी बारीक, फुतोमाकी जाड, उरामाकी उलटी म्हणजे भात बाहेर आणि नोरी आत. तेमाकी हातात धरायचा शंकू. तो केल्या केल्या खायचा, ठेवून दिलात तर नोरी चिवट होते.

शाकाहारी मंडळींनी इथे जरा थांबावं, कारण खरी फसगत याच ठिकाणी होते. काप्पामाकीत काकडी असते. (काप्पा हा जपानी लोककथांमधला पाणभूत, त्याला काकडी फार प्रिय.) तेक्कामाकीत ट्यूना. कांप्योमाकीत तर चक्क आपल्या दुधी भोपळ्याच्याच जातीच्या फळाच्या वाळवलेल्या पट्ट्या! पण भाजी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या पट्ट्या सोया सॉस आणि साखरेबरोबर बऱ्याचदा ‘दाशी’त, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या पातळ रश्शात, शिजवतात, आणि दाशीत सहसा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. ‘मासा आहे का?’ विचारलंत तर ‘नाही’ असं उत्तर मिळू शकतं. ‘दाशी कशाची आहे?’ असं विचारा.

घरी करताना गुंडाळी फुटते, कारण सारण जास्त होतं आणि भात नोरीच्या टोकापर्यंत पसरलेला असतो. पलीकडची सुमारे एक सेंटिमीटर कड मोकळी सोडा. नोरीची चकचकीत बाजू खाली आणि खरखरीत बाजूवर भात. बासमतीचा दाणा मोकळा राहतो, त्यामुळे गुंडाळी धरत नाही. जपानी तांदूळ मिळाला नाही तर चिकटपणासाठी इंद्रायणी चालवून बघा, चव मात्र वेगळी लागेल. आणि कापताना सुरी प्रत्येक तुकड्यानंतर ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर भात पात्याला चिकटून नोरी ओढली जाते.