झेरॉक्सवाल्याला आधार व्हॉट्सॅप करण्याआधी

प्रायव्हसीचा विषय निघाला की लोक थेट झुकरबर्गवर जातात. फोन आपलं बोलणं ऐकतो का, काल मिक्सरचं बोललो आणि आज मिक्सरची जाहिरात आली, वगैरे. असेल नसेल, पण त्याच माणसाचं आधार, पॅन आणि कॅन्सल चेक स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड्समध्ये आरामात पडलेलं असतं त्याचं काय? माझं म्हणणं एवढंच की आधी काउंटरवरची गळती बंद करा, पैसे लागत नाहीत, एका संध्याकाळचं काम आहे, फेसबुकच्या सेटिंग्ज नंतर बघू.

सुरुवात झेरॉक्सच्या दुकानापासूनच करू. भिंतीवर नंबर चिकटवलेला असतो, आपण त्यावर आधार पाठवतो, तो व्हॉट्सॅप वेबवर उघडून प्रिंट देतो, आपण पैसे देऊन निघतो, विषय संपला. संपत नाही ना! प्रिंट काढायला फाइल बहुतेक वेळा त्याच्या मशीनवर उतरते आणि तिथेच राहते. तुम्ही घरी येऊन डिलीट फॉर एव्हरीवन केलंत तरी चॅटमधून जाईल, उतरवलेली फाइल हलणार नाही. दुकानदार चोर आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, दहावी-बारावीच्या अ‍ॅडमिशनच्या दिवसांत बिचाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते, तो कशाला तुमच्या फायली बघत बसतोय. पण त्या कॉम्प्युटरचा अँटिव्हायरस कधीच संपलेला असतो, गर्दीत कोणीही काउंटरच्या आत जाऊन माउस हातात घेतो, आणि सर्चमध्ये नुसतं आधार टाइप केलं तर अख्ख्या वॉर्डाची यादी येईल अशी परिस्थिती असते.

मग करायचं काय, तर एक छोटा पेनड्राइव्ह फक्त प्रिंटसाठी ठेवा, त्यात तेवढीच एक फाइल टाका आणि प्रिंट तिथूनच द्यायला सांगा, कॉपी करू नका म्हणावं. (हा पेनड्राइव्ह गावभर फिरून व्हायरस गोळा करतो, म्हणून त्यात लग्नाचे फोटो वगैरे ठेवू नका, घरी आलं की फॉरमॅट मारा.) व्हॉट्सॅपच करावं लागलं तर तिथेच उभं राहून "दादा, डाउनलोड्समधून पण उडवा, शिफ्ट डिलीट" असं सरळ सांगायचं. आजवर कोणी रागावलेलं मी पाहिलं नाही, फार तर जरा विचित्र नजरेने बघतात. आणि काळी आलेली, तिरकी आलेली कॉपी तिथल्या डब्यात टाकू नका, ती पण आपलीच आहे, घेऊन या.

पण खरा उपाय म्हणजे पूर्ण आधार द्यायचंच नाही. मास्क्ड आधार नावाचा प्रकार कित्येक वर्षांपासून आहे आणि तरी दहातल्या आठ लोकांना माहीत नसावा असा माझा अंदाज आहे. यात 12 आकड्यांपैकी पहिले 8 झाकलेले असतात, फक्त शेवटचे 4 दिसतात, बाकी फोटो, नाव, पत्ता सगळं तसंच. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मायआधार साइटवर जायचं (पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघा, गूगलवर वर दिसणाऱ्या भलत्या साइटवर नंबर टाकू नका), आधार नंबर आणि ओटीपीने लॉगिन, मग डाउनलोड आधार, आणि तिथे मास्क्ड आधार हवंय का विचारणारा छोटासा चौकोन असतो त्यावर टिक. तो चौकोन दिसतच नाही पटकन, लोक घाईत पुढे जातात आणि पूर्ण आधार उतरवतात. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो, जुना नंबर बंद पडला असेल तर आधी तो बदलून घ्यावा लागेल. पीडीएफ उघडायचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. म्हणजे ज्याला तुमचं नाव आणि वय माहीत आहे त्याला पासवर्ड पण माहीत आहे, तेव्हा फाइलला पासवर्ड आहे म्हणून कोणालाही फॉरवर्ड करत सुटू नका. याच्या आठ-दहा कॉपी एकदाच काढून घरात फाइलला लावून ठेवल्या की वर्षभर झेरॉक्सच्या दुकानाचं तोंड बघायला नको.

मे 2022 मध्ये यूआयडीएआयच्या बेंगळुरू ऑफिसने नेमकं हेच सांगणारं पत्रक काढलं होतं, आधारची फोटोकॉपी कुठेही देऊ नका, मास्क्ड द्या. त्यावर एवढा गोंधळ झाला की सरकारने दोन दिवसांत ते मागे घेतलं, म्हणे लोक चुकीचा अर्थ काढतील. पत्रक गेलं, मास्क्ड आधारची सोय मात्र तशीच आहे.

आता लॉजवर वगैरे रिसेप्शनचा मुलगा म्हणणार, सर हे चालत नाही, पूर्ण नंबर पाहिजे. तिथे वाद घालण्यापेक्षा सरळ ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदान कार्ड पुढे करा, त्याला रजिस्टरला लावायला फोटो असलेला एक कागद हवा असतो, बाकी काही नाही. आणि कॉपी कुठलीही असो, तिच्यावर पेनने तिरकं लिहा, कशासाठी दिली, कोणाला दिली, तारीख, आणि सही. उदाहरणार्थ "फक्त भाडेकरारासाठी", खाली तारीख. अक्षरं छपाईवरून जाऊ देत, कोपऱ्यात रिकाम्या जागेत लिहिलं तर तेवढं झाकून परत झेरॉक्स काढता येते. फोटो मात्र झाकू नका, नाहीतर कागद परत येतो. आमच्याकडचे जुने क्लार्क लोक हे न सांगता करायचे, मोबाइल आल्यावर ती सवय गेली.

यानंतरची गोष्ट जरा गंभीर आहे, बायोमेट्रिक लॉक, म्हणजे तुमचा अंगठा आधारवर कुठे चालू नये म्हणून लावायचं कुलूप. आधारवरून पैसे काढायची जी एईपीएस सोय आहे, म्हणजे गावात मशीनवाल्याकडे अंगठा लावून पैसे मिळतात ती, त्यात आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं, ओटीपी नाही. जमिनीच्या दस्तांवरच्या ठशांवरून नकली ठसे बनवून खात्यातून पैसे काढल्याची प्रकरणं देशात झालेली आहेत. मायआधारवरच लॉक करता येतं, दोन मिनिटं लागतात. पण घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना न सांगता करू नका! रेशनच्या दुकानात अंगठा चालणार नाही, नोव्हेंबरमध्ये पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला अडेल आणि बोलणी तुम्हाला बसतील. त्या त्या वेळी थोड्या वेळापुरतं अनलॉक करता येतं, ते त्यांच्या फोनवर एकदा करून दाखवा. तिथेच ऑथेंटिकेशन हिस्ट्री पण बघा, गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते दिसतं, न ओळखीचं काही दिसलं तर लॉकला अजिबात उशीर नको.

दूरसंचार खात्याच्या संचार साथी साइटवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही कळतं, आपलं नसलेलं सिम तिथूनच कळवता येतं, त्यावर जास्त काय लिहायचं, आत्ताच बघून घ्या.

राहिला मोबाइल नंबर. मॉलमध्ये बिल करताना "सर नंबर?" इतकं सहज विचारतात की आपण श्वास घ्यावा तसा सांगून टाकतो, मागे रांगेतले चार जण पण ऐकतात. नंबर दिला नाही म्हणून बिल अडवू नका असं ग्राहक मंत्रालयाने 2023 मध्येच दुकानदारांना सांगितलंय. "नंबर नाही देत, कागदाचं बिल द्या" एवढं म्हणायचं. कॅशिअर म्हणेल सिस्टिम पुढे जात नाही, तर म्हणावं मॅनेजरला बोलवा, सिस्टिम लगेच पुढे जाते. पॉइंट्सचा मोह असेल तर तुमची मर्जी, मला वर्षाच्या शेवटी चाळीस रुपयांची सूट मिळवण्यासाठी रोज पर्सनल लोनचे फोन घ्यायची हौस नाही. यूपीआयचंही तसंच, आयडीमध्ये तुमचा मोबाइल नंबरच असेल तर ज्याला पैसे पाठवता त्याला तो दिसू शकतो, बऱ्याच अ‍ॅपमध्ये नंबर नसलेला दुसरा आयडी बनवता येतो, प्रोफाइलमध्ये शोधा आणि बाहेर तोच वापरा.

आणि एवढं करूनही खात्यातून पैसे गेलेच तर आधी बँकेच्या शाखेत जाऊन रांगेत उभे राहू नका, सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोचली तर ते अडकवता येतात, सायबर क्राइमच्या पोर्टलवरची लेखी तक्रार आणि बँकेचा अर्ज त्याच दिवशी मागोमाग करा.