प्रदर्शनाच्या दिवशी फुलणारा ग्लॅडिओलस

पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरतं. तिथे ग्लॅडिओलसचा फुलांनी भरलेला दांडा मांडायचा तर तयारी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू करावी लागते. गुलाबाला फुलं येतच राहतात. ग्लॅडिओलसचा कंद मात्र बहुधा एकच दांडा देतो, आणि त्याचं ऐन रूप चार-सहा दिवसांचं. त्यामुळे पहिलं अवजार कुदळ नव्हे, कॅलेंडर.

आपल्याकडच्या थंडीत लागवडीपासून फुलापर्यंत जातीनुसार साधारण 80 ते 100 दिवस जातात. 25 जानेवारी धरून उलटं मोजा आणि 15, 22, 29 ऑक्टोबर व 5 नोव्हेंबर अशा चार तुकड्यांत कंद लावा. सगळे एकाच दिवशी लावणं म्हणजे एकाच पत्त्यावर डाव लावणं.

कंद 4-5 सेंटीमीटर व्यासाचा, टणक आणि जाड घ्या. पसरट, चपट्या कंदापेक्षा बुटका-गोल कंद नेहमी सरस. नुकताच काढलेला कंद दोन-तीन महिने झोपलेला असतो, म्हणून शीतगृहातून आलेला, कोंब डोकावणारा मागा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'फुले गणेश' आणि 'फुले प्रेरणा' या जाती नवशिक्याने जरूर लावाव्यात. वरचा पापुद्रा सोलून पाहा. तपकिरी, खोलगट डाग असलेला कंद बाजूला काढा, नाहीतर मर रोग घरात येतो. चांगले कंद 10 लिटर पाण्यात 20 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मिसळून त्यात 20 मिनिटं बुडवा. हातमोजे घाला.

पुण्याची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात कंद कुजतो. भरपूर शेणखत आणि जाड रेती मिसळून निचरा करून घ्या. कंद 8-10 सेंटीमीटर खोल, दोन कंदांत वीतभर अंतर. गच्चीत 12 इंची खोल कुंडीत चार कंद पुरे. बाल्कनीत एकाच बाजूने ऊन येत असेल तर दांडा तिकडे झुकतो आणि स्पर्धेतून बाद होतो. गच्ची किंवा अंगण हवंच.

तीन-चार पानं आली की खत द्या आणि बुंध्याला मातीची भर घाला. सहाव्या पानाला पुन्हा खत. या सुमारास दांडा पोटरीत, म्हणजे पानांच्या वेढ्याच्या आत, तयार होत असतो, तेव्हा पाण्याचा ताण पडला तर कळ्या कमी भरतात. आधाराची काठी लागवडीच्या वेळीच रोवा. नंतर रोवली तर कंदात घुसते. पानांवर चंदेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिडे समजा. पाकळ्यांवर तेच डाग उतरतात, म्हणून कळी दिसण्याआधीच निंबोळी अर्काची फवारणी सुरू करा.

आता खरी कसोटी. परीक्षकाला सरळ दांडा, एका दिशेला तोंड केलेली, मध्ये फट न ठेवता ओळीने बसलेली फुलं आणि वर निमुळता होत जाणारा शेंडा हवा असतो. खालचा एक तृतीयांश भाग पूर्ण उमललेला, मधला रंग दाखवणारा, वरचा हिरवा. अठरा कळ्यांच्या दांड्यावर सहा फुलं उमललेली हवीत. म्हणून दोन-तीन फुलं उघडली की, प्रदर्शनाच्या दोन-तीन दिवस आधी, सकाळी लवकर कापा आणि लगेच पाण्यात ठेवा. मागे पडतोय असं वाटलं तर उबदार खोलीत हलवा, पुढे पळतोय तर थंड, अंधाऱ्या खोलीत.

एका वर्षी मी माझे सर्वांत देखणे तीन दांडे रात्रभर गाडीच्या मागच्या सीटवर आडवे ठेवले. सकाळी तिघांचेही शेंडे वर वळलेले होते. हा दांडा आडवा पडला की शेंडा आकाशाकडे वळवतो आणि तो बाक मग जात नाही. त्या दिवशी मी रिकाम्या हाताने परतले. तेव्हापासून उंच बादलीत पाणी घालून, दांडे उभेच, मांडीवर धरून नेते.

मंडपात पोहोचल्यावर मऊ ब्रशने धूळ झाडा. खालचं फूल कोमेजलं असेल तर तोडू नका, रिकामी जागा लगेच दिसते. त्याऐवजी दुसरा दांडा मांडा. प्रवेशिकेत एक दांडा मागितलाय की तीन, ते आधीच वाचा. तीन असतील तर एकाच उंचीचे आणि एकाच टप्प्यावर उमललेले निवडा.

दांडा कापताना झाडावर किमान चार पानं राखलेली असू द्या. त्यांच्याच जोरावर जमिनीत नवा कंद पोसतो. पानं पिवळी पडली, म्हणजे साधारण सहा-आठ आठवड्यांनी, कंद काढून सावलीत वाळवा. पिशवीवर जातीचं नाव, लागवडीची तारीख आणि पहिलं फूल उमललं ती तारीख लिहा. पुढच्या ऑक्टोबरात उलटी मोजणी याच आकड्यांवरून करायची आहे.