जुन्या गाडीचा सुटा भाग घेताना

गाडीचा आरसा फुटला किंवा खिडकीची काच वरखाली करणारी मोटर बसली, तर नवा भाग मागवण्याआधी गाड्या तोडणाऱ्या यार्डात एक चक्कर मारा. अपघातात सापडलेल्या, वय झालेल्या गाड्या तिथे येतात. आधी इंधन, ऑइल, कूलंट काढून घेतात, बॅटरी उतरवतात, मग धड असलेले भाग सोडवून विकतात. उरलेला सांगाडा दाबून वितळवायला जातो. नव्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि कंपनीने बनवणं बंद केलेले भाग तर बहुधा इथेच मिळतात.

समोरून ठोकलेली गाडी दिसली की मागे जाऊन बघा; मागचे दिवे, डिकीचं झाकण बऱ्याचदा जसंच्या तसं असतं.

आपला जुना भाग सोबत न्याच. नुसतं मॉडेल आणि साल सांगून भागत नाही, कधीकधी एकाच सालात कनेक्टर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, बदललेला असतो. पार्ट नंबर जुळवा, पिना मोजा. हेडलाइटची काच सगळेच बघतात, पण दिवा अडकवायचे मागचे प्लास्टिकचे कान तुटलेले असले तर तो घट्ट बसतच नाही. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) घेताना त्याची पुली, म्हणजे पट्टा बसतो ते चाक, हाताने फिरवा. खरखर जाणवली की परत ठेवा.

ब्रेक पॅड, टायमिंग बेल्ट, सीटबेल्ट, एअरबॅग मात्र नवेच घ्यायचे, तिथे काटकसर नको. इलेक्ट्रिकचा भाग असेल तर परत घेण्याची मुदत पावतीवर लिहून घ्या. पावतीच द्यायला कोणी तयार नसेल तर माल चोरीचा असू शकतो, तिथून निघा.